घरी दीर्घकाळ रुग्ण सांभाळताना: आधी त्यांना विचारा

पॅरालिसिसचा झटका येऊन एक बाजू गेलेली असते. किंवा खुब्याचं हाड मोडतं आणि माणूस पुन्हा पायावर उभा राहत नाही. पार्किन्सन्स, डिमेन्शिया, पुढच्या टप्प्यातला कॅन्सर, कारण काहीही असो, एके दिवशी डॉक्टर म्हणतात, "आता इथे ठेवून उपयोग नाही, घरीच करावं लागेल." मग घर कामाला लागतं. भाड्याचा पलंग येतो, एअर बेड येतो, डायपरची पाकिटं येतात, नर्सिंग ब्यूरोतून मावशी येते. आठवड्याभरात सगळं मार्गी लागतं. फक्त पलंगावर जो आहे त्याला कुणी विचारलेलं नसतं की तुम्हाला हे कसं हवंय.

कुशीवर कसं वळवायचं, चादर कशी बदलायची हे नर्स दाखवेल, त्याचे व्हिडिओही सापडतील. ती कामं त्या माणसाच्या मनाप्रमाणे कशी बसवायची, एवढ्यापुरताच हा लेख आहे. पहिल्या महिन्यात एक प्रश्न सतत हाताशी ठेवा: हे असं करतोय त्यात सोय कुणाची? बऱ्याचदा उत्तर 'आपली' असं येईल. त्यात गैर काही नाही, करणाऱ्याची सोय बघितली नाही तर करणाराच आडवा होतो. पण आपली सोय रुग्णाच्या नावावर खपवू नका.

हॉस्पिटलातून निघण्याआधी

डिस्चार्जच्या दिवशी बिल, मेडिक्लेम आणि अॅम्ब्युलन्स यांच्या गडबडीत विचारायचं राहून जातं. म्हणून आदल्या दिवशीच वॉर्डातल्या सिस्टरना गाठा आणि तीन गोष्टी तोंडी न सांगता करून दाखवायला सांगा: वळवणं, भरवणं आणि पलंगावरून खुर्चीत बसवणं. त्यांच्यासमोर तुम्हीही एकदा करून बघा. पॅरालिसिसचा रुग्ण असेल तर लुळ्या हाताला धरून ओढायचं नाही, खांदा निखळतो, हे तिथेच शिकून घ्या. गिळण्याची तपासणी झाली आहे का हेही विचारा. झाली नसेल तर स्पीच थेरपिस्टला, म्हणजे बोलणं आणि गिळणं तपासणाऱ्या तज्ज्ञाला, बोलवायला सांगा.

दुसरं काम पलंगाच्या जागेचं. बहुतेक घरांत रुग्णाचा पलंग आतल्या खोलीत जातो, कारण हॉलमध्ये पाहुणे येतात. ज्याचा सगळा दिवस आता त्या चार भिंतींत जाणार आहे त्याला विचारा. काहींना खरंच आत, शांत जागी पडायचं असतं. काहींना दार दिसायला हवं असतं, कोण आलं, कोण गेलं, भाजीवाला किती म्हणाला. एखाद्या आजींना पडल्या पडल्या देवघर दिसलं की पुरतं. वन बीएचकेमध्ये निवडायला फार काही नसतं हे मान्य, पण पलंगाचं तोंड कुठे करायचं आणि पडदा कुठे लावायचा एवढं तरी विचारता येतं. पलंग असा लावा की चालणाऱ्या हाताच्या बाजूला छोटं टेबल येईल. त्यावर चष्मा, पाणी, घंटी आणि मोबाईल. आपल्या हाताने पाण्याचा पेला उचलता येणं ही फार मोठी गोष्ट असते. ती काढून घेऊ नका.

ओळखीचा कागद

पहिल्या आठवड्यातच हा कागद तयार करा. औषधांचा तक्ता सगळेच भिंतीवर लावतात. त्याच्या शेजारी हा दुसरा कागद लावायचा. मावशी बदलली, रात्रीचा ब्रदर (पुरुष मदतनीस) नवीन आला, पुन्हा अॅडमिट करावं लागलं, तरी माणूस कसा आहे हे त्यावरून कळावं. एका पानापेक्षा मोठा नको, नाहीतर कुणी वाचत नाही.

नमुना म्हणून, निवृत्त शिक्षिका असलेल्या एखाद्या आजींचा कागद असा असेल:

"यांना 'बाई' म्हणा. आजी म्हटलेलं आवडत नाही. डाव्या कानाने ऐकू येत नाही, उजवीकडून बोला. चष्मा लावल्याशिवाय काही विचारू नका. पहाटे जाग येते, पण साडेसहापर्यंत कुणी खोलीत आलेलं चालत नाही. चहा बशीतून पितात, कपाने ठसका लागतो असं त्या म्हणतात. दात घासल्याशिवाय चहा घेत नाहीत. अंघोळ किंवा अंग पुसणं दुपारी, सकाळी थंडी वाजते. पाठ पुसताना पदर पूर्ण काढायचा नाही. केस कापायचे नाहीत, विंचरून वेणी घालायची. पंखा एकवर. टीव्ही नको, रेडिओ चालेल. भाचा आला तर खूश असतात, तो आला की आपण बाहेर बसायचं. चिडल्या तर उत्तर देऊ नका, पाच मिनिटांनी परत जा."

हा कागद मुलांनी बसून लिहायचा नाही. मुलांना आईच्या तिशीतल्या सवयी आठवतात, आत्ताच्या माहीत नसतात. तिच्यासमोर बसून, तिला विचारून लिहा आणि लिहिलेलं वाचून दाखवा. "केस कापायचे नाहीत" ही ओळ तर आवर्जून घाला, कारण लांब केस धुवायला कटकट म्हणून सोयीसाठी केस सर्रास कापले जातात, आणि त्या बाईला ते आरशात पाहिल्यावरच कळतं.

महिन्यातून एकदा कागद बदला. आजार बदलतो तशी आवडही बदलते.

विचारायचं कसं

आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना "तुम्हाला काय हवं?" असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: "माझं काय मेलं, तुम्हाला जमेल तसं करा." ही त्यांची इच्छा समजू नका. मुलांना आणि सुनेला त्रास नको म्हणून ते तसं म्हणतात. या उत्तरावर थांबलं की पुढची कैक वर्षं त्यांच्या मनाविरुद्ध जातात आणि सगळ्यांना वाटतं, किती समाधानी आहेत.

म्हणून मोघम प्रश्न सोडा. नेमकं विचारा, दोनच पर्याय द्या. "अंघोळ आत्ता करायची की चारला?" "आज उपमा की पोहे?" डिमेन्शियात तर दोन्ही वस्तू समोर धरा: हा सदरा की तो? प्रश्न विचारल्यावर थांबा. मेंदूला मार बसलेल्या माणसाला प्रश्न पोचून उत्तर जुळवायला वेळ लागतो. मनात दहापर्यंत मोजा, मध्ये दुसरा प्रश्न टाकू नका. बहुतेक लोक तीन आकड्यांतच "ठीक आहे, पोहेच करते" म्हणून निघून जातात.

त्याआधी श्रवणयंत्र, चष्मा, कवळी. हे इतकं साधं आहे की लिहायला संकोच वाटतो, पण हॉस्पिटलमधून आल्यावर श्रवणयंत्र पिशवीतच राहतं आणि घरभर चर्चा सुरू होते की बाबांना आता समजत नाही.

बोलणं गेलं असेल पण समज असेल तर हो-नाहीची खूण ठरवा: हात एकदा दाबला तर हो, दोनदा तर नाही, किंवा पापणी. सगळ्या घराने एकच खूण वापरायची. एका कार्डावर मोठी चित्रं काढून ठेवता येतात: पाणी, संडास, दुखतंय, थंडी, गरम, देव, फोन. फिजिओथेरपिस्ट येतच असतील तर स्पीच थेरपिस्टही काही आठवडे येऊ देत. खर्च वाटतो, पण माणसाला 'नको' म्हणता येणं यापेक्षा कामाचा व्यायाम दुसरा नाही.

जे काहीच सांगू शकत नाहीत

इथे केईएमचं उदाहरण आठवल्याशिवाय राहत नाही. तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग, त्यांच्यावर झालेल्या हल्ल्यानंतर, १९७३ पासून २०१५ पर्यंत, म्हणजे ४२ वर्षं, मुंबईच्या केईएम रुग्णालयात अंथरुणावर होत्या. त्यांना बोलता येत नव्हतं. त्यांच्या इच्छामरणाचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं तेव्हा तिथे सादर झालेल्या अहवालांत त्या वादात झाकली गेलेली काही वाक्यं आहेत. त्यांच्या अंगावर एकही बेडसोर, म्हणजे पडून राहिल्याने होणारी जखम, नाही. शी-शू लागली की त्या विशिष्ट आवाज करतात आणि परिचारिकांना तो ओळखू येतो. आवडीचं, म्हणजे मासे आणि चिकन सूप दिलं की कधीकधी चेहऱ्यावर हसू दिसतं. २०११ च्या निकालाबद्दल मतं काहीही असोत, पण मासे दिल्यावर चेहरा बदलतो हे टिपायला कुणीतरी रोज चेहऱ्याकडे बघत असावं लागतं. वॉर्डातल्या ड्युट्या बदलत राहिल्या, मुली निवृत्त झाल्या, नव्या आल्या, तरी ही माहिती एकीकडून दुसरीकडे जात राहिली.

घरी हेच करायचं. एक वही ठेवा. 'काय केलं' यापेक्षा 'केल्यावर काय झालं' हे लिहा. डाव्या कुशीवर झोपवलं, दहा मिनिटांत कपाळाला आठ्या. गरम पाण्याने पाय पुसले, हात सैल सोडला. आठवड्याभरात आवडीनिवडी आपोआप दिसायला लागतात.

दुखण्याकडे वेगळं लक्ष द्या. सांगता न येणारा माणूस दुखलं तर कण्हतो, श्वास जोराने घेतो, चेहरा आक्रसतो, मुठी आवळतो, हात झटकतो, किंवा जवळ घेतलं तरी शांत होत नाही. अंघोळीला 'त्रास देणारे' कितीतरी रुग्ण खरं म्हणजे आखडलेला खांदा हलवला म्हणून ओरडत असतात. डॉक्टरांना विचारून अंघोळीच्या अर्धा-पाऊण तास आधी दुखण्याची गोळी दिली तर तोच माणूस निवांत अंग पुसून घेतो.

आणि कालपर्यंत बरा असलेला माणूस अचानक असंबद्ध बडबडायला लागला, रात्रभर जागा राहिला, किंवा उलट झोपूनच राहिला तर 'वय झालं' म्हणून सोडू नका. लघवीचं इन्फेक्शन, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, पाणी कमी पडणं, नवीन गोळी, यांपैकी काहीतरी असण्याची शक्यता बरीच असते. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.

लाजेची कामं

डायपर हा सगळ्यात आधी येतो आणि सगळ्यात उशिरा विचारला जातो. ज्याला लघवी आल्याचं कळतं, थोडा वेळ धरता येते आणि सांगताही येतं, त्याला "डायपर आहे ना, त्यातच करा" म्हणण्याइतकं अपमानाचं दुसरं काही नाही. आधी युरिन पॉट, बेडपॅन किंवा पलंगाशेजारी कमोडची खुर्ची वापरून बघा. दर दोन-तीन तासांनी स्वतःहून विचारा, जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटांनी कमोडवर बसवा. रात्री डायपर आणि दिवसा खुर्ची, अशी तडजोड बहुतेकांना मान्य असते. डायपर लागणारच असेल तर 'आईचं डायपर बदललं का?' हा प्रश्न हॉलमधून ओरडून विचारायचा नाही.

हे कुणी करायचं, हेही विचारा. मुलाने पुसलेलं आईला चालत नाही, आणि सुनेने केलेलं सासऱ्यांना चालत नाही. काही ठिकाणी नेमकं उलट: परक्या मावशीपेक्षा मुलगाच बरा. गृहीत धरू नका. बाईमाणसाला रात्रपाळीला ब्रदर पाठवतो असं ब्यूरोवाले म्हणाले तर तिला विचारल्याशिवाय हो म्हणू नका.

अंग पुसताना जो भाग पुसतोय तेवढाच उघडा, बाकी चादर. दार लावा. पुढे काय करणार ते आधी सांगा: "आता पाठ पुसते, थोडं कुशीवर घेते." बेशुद्ध माणसालाही सांगा. चेहरा स्वतःला पुसता येत असेल तर ओला टॉवेल त्याच्या हातात द्या. वेळ लागेल, पाणी सांडेल.

घड्याळ कुठे ताठ, कुठे सैल

नवख्यांचा गोंधळ इथे होतो. सगळंच रुग्णाच्या मनावर सोडलं तर बेडसोर होतात, आणि सगळंच तक्त्यावर चालवलं तर घराचा वॉर्ड होतो.

ताठ ठेवायच्या गोष्टी थोड्या आहेत. ज्याला स्वतः हलता येत नाही त्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची. माकडहाड, खुबे, टाचा रोज बघायच्या. कातडी लाल किंवा काळपट दिसली तर बोट दाबून बघा. दाबूनही रंग फिकट होत नसेल तर बेडसोरची सुरुवात आहे. त्या जागेवर भार नको, आणि चोळायचं तर मुळीच नाही, चोळल्याने आतली इजा वाढते. पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवा. फिट्स, साखर, पार्किन्सन्सची औषधं वेळेवर. जवळजवळ एवढंच.

बाकी सगळं सैल. अंघोळ सकाळीच हवी असं कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. ती सकाळी होते कारण दिवसपाळीची मावशी आठला येते आणि तिला काम उरकायचं असतं. दुपारी बाराला उठणाऱ्या, जन्मभर रात्रपाळी केलेल्या गिरणी कामगाराला साताला चूळ भरायला लावून काय साधतं? रात्री दर दोन तासांनी उठवल्याने झोप मोडते अशी तक्रार असेल तर डॉक्टरांना विचारा. गादी चांगली असेल आणि कातडी ठणठणीत असेल तर काहींच्या बाबतीत रात्रीचं अंतर वाढवता येतं. हे आपल्या मनाने करायचं नाही, पण विचारायलाच नको असंही नाही.

ताटातलं

पातळ पदार्थ गिळायला सोपे, असा एक ठाम समज घरोघरी आहे. गिळण्याचा त्रास असलेल्यांच्या बाबतीत तो बहुधा खोटा ठरतो. पाणी, चहा, डाळीचं पाणी घशात इतक्या वेगाने उतरतं की ते श्वासनलिकेत जातं. भात आणि पातळ वरण असं मिश्रण तर आणखी अवघड. दाटसर एकजीव पदार्थ, जसं नाचणीची खीर, घट्ट पेज, मऊ खिचडी घोटून, दही, बऱ्याच जणांना सोपे जातात. खाताना ठसका, जेवल्यावर आवाज ओला-घरघरता, वारंवार ताप, ही धोक्याची चिन्हं. ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली, छोटा घास, गिळल्याची खात्री करून पुढचा. नंतर अर्धा तास बसूनच. पॅरालिसिसमध्ये लुळ्या गालात घास साठून राहतो, तो बघून काढा.

हे नियम सांभाळून चव मात्र त्यांची. सगळं मिक्सरमधून काढून एक राखाडी लगदा भरवला तर कोण खाईल? भाजी वेगळी घोटा, भात वेगळा, लिंबाच्या लोणच्याचा खार बोटभर. मालवणी माणसाला सोलकढीची चव जिभेवर पुरते. पथ्याबद्दल डॉक्टरांशी भांडायला शिका, म्हणजे नीट विचारायला शिका: ८८ वर्षांच्या, वर्षभर अंथरुणावर असलेल्या माणसाची साखर इतकी काटेकोर ठेवून आता काय मिळणार आहे? या वयात साखर थोडी सैल ठेवणं बऱ्याचदा डॉक्टरांनाच योग्य वाटतं, कारण ती एकदम खाली जाण्याचा धोका मोठा. मग आमरसाच्या दोन चमच्यांची वाट मोकळी होते.

मिश्री, तंबाखू, विडी, इथे सोपं उत्तर नाही. पन्नास वर्षं मिश्री लावणाऱ्या आजीची डबी लपवली की ती चिडचिडी होते, झोपत नाही, आणि घरातले म्हणतात आजाराने स्वभाव बदलला. डॉक्टरांपासून लपवू नका. काय धोका आहे ते तिला तिच्या भाषेत सांगा आणि कमी कशी करायची ते तिच्याशी ठरवा. विडी आणि घरातला ऑक्सिजन मात्र एका खोलीत नकोच, तिथे आगीचा प्रश्न आहे.

मावशी, ब्यूरो आणि कॅमेरा

ब्यूरोशी बोलताना पैसे, सुट्ट्या, बदली एवढंच ठरतं. त्यात तीन वाक्यं वाढवा: सारखी माणसं बदलायची नाहीत, नवीन माणूस आला तर जुन्याबरोबर निदान अर्धा दिवस एकत्र काम, आणि पहिल्या दोन दिवसांनी रुग्णाला विचारून पक्कं करणार. विचारताना मावशी खोलीत नको. चोवीस तासांची मावशी असेल तर तिला झोप, जेवण आणि पडायला धड जागा द्या. रात्री चारदा उठलेली बाई सकाळी हळुवार हाताने अंग पुसेल ही अपेक्षाच चुकीची.

एक अप्रिय गोष्टही बोलायला हवी. काही घरांत रुग्ण विचारतो, "ही कोण आहे? कुठल्यातली?" आणि मग तिच्या हातचं पाणी नको. रुग्णाची इच्छा म्हणून हे पाळायचं का? माझ्या मते नाही. कुणाच्या हाताचा स्पर्श हळुवार आहे, कुणासमोर लाज वाटते, हे रुग्णाने ठरवावं. कुणाची जात काय, यावरून नाही. एकदाच, शांतपणे, घरच्या माणसाने सांगायचं. मावशीला शिवीगाळ होत असेल तर 'आजारी आहेत, मनावर घेऊ नकोस' एवढ्यावर भागवू नका.

मुलं अमेरिकेत किंवा दुबईत असतात तेव्हा खोलीत कॅमेरा लागतोच. हेतू चांगला असतो. पण चोवीस तास आपल्याकडे कुणीतरी बघतंय, कपडे बदलताना सुद्धा, हे ज्याच्यावर कॅमेरा रोखलाय त्याला माहीत तरी आहे का? आधी विचारा. हो म्हणाले तर कॅमेरा दाराकडे वळवा, अंघोळ आणि शी-शूच्या वेळी त्यावर फडका टाकायचा नियम करा, आणि फुटेज कोण बघतं ते त्यांना सांगा. नाही म्हणाले तर रोज ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल करा, आणि मावशीशी बोलण्याआधी पाच मिनिटं त्यांच्याशी बोला.

डॉक्टरांसमोर आणि पुढच्या निर्णयांबद्दल

डॉक्टर घरी आले की सगळे एकदम बोलतात आणि पलंगावरचा माणूस एकाकडून दुसऱ्याकडे बघत राहतो. डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा: पहिला प्रश्न त्यांना विचारा. आदल्या रात्री त्यांच्याकडून दोन-तीन शंका लिहून घ्या.

"बाबांना कॅन्सर आहे हे सांगू नका" हा आपल्याकडचा घरगुती कट. बाबांना बहुधा कळलेलं असतं. मग तेही न कळल्याचं नाटक करतात आणि कुणीच कुणाशी खरं बोलत नाही. सगळं धाडकन सांगायचीही गरज नाही. "तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला किती जाणून घ्यायचंय?" हा प्रश्न डॉक्टरांना विचारू द्या. काही जण म्हणतील, मुलाला सांगा. तेही त्यांचं उत्तर म्हणून स्वीकारा.

पुढचा प्रश्न जास्त जड. पुन्हा अत्यवस्थ झाले तर आयसीयू हवं का, व्हेंटिलेटर हवा का, की घरीच राहायचं? हे धड बोलता येत असतानाच विचारायला हवं. ९ मार्च २०१८ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने लिव्हिंग विल म्हणजे वैद्यकीय इच्छापत्र मान्य केलं, आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या कुणालाही ते दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घेता येतं. आपण निर्णय घेण्याच्या स्थितीत नसू तेव्हा कुणाचं ऐकायचं, त्या एकाहून जास्त व्यक्तींची नावं त्यात लिहिता येतात. एक प्रत स्थानिक संस्थेने म्हणजे महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, एक फॅमिली डॉक्टरांकडे. हा कागद दाखवला की लगेच यंत्रं काढतात असंही नाही. रुग्णालयात डॉक्टरांची दोन मंडळं तपासणी करतात, मगच निर्णय होतो. कागद झाला की तो कुठे ठेवलाय ते घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं, नाहीतर मध्यरात्री घाबरलेला धाकटा मुलगा अॅम्ब्युलन्स बोलावणार आणि पुढचं सगळं आपोआप होत जाणार.

दुखणं आणि धाप आवरण्यासाठी पॅलिएटिव्ह टीम शेवटच्या दिवसांपर्यंत थांबून न बोलावता लवकर बोलवा. वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ पासून आणि पुण्यात वारज्याचं सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून कॅन्सरच्या रुग्णांसाठी हे काम करत आलंय.

सांभाळणाऱ्या माणसालाही बोलायला कुणीतरी लागतं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो. ज्येष्ठांच्या प्रश्नांसाठी, छळाच्या तक्रारीसकट, एल्डरलाइनचा १४५६७ सकाळी आठ ते रात्री आठ.

घरी जमेनासं झालं तर

कधीकधी घरी खरंच जमत नाही. सांभाळणारी स्वतः सत्तरीची असते, नाहीतर मुलगा एकटा असतो. मग केअर सेंटर बघायची वेळ येते. रुग्णाला नेता येत असेल तर बघायला बरोबर न्या. नसेल तर फोटो, व्हिडिओ दाखवा. शक्य असेल तर आधी पंधरा दिवसांपुरतं ठेवून बघा आणि परत घरी आणाल असा शब्द दिला असेल तर तो पाळा.

सेंटर बघायला सकाळी अकराला जाऊ नका, तेव्हा सगळीकडे फिनेल मारलेलं असतं. संध्याकाळी सातच्या सुमारास, जेवणाच्या वेळी जा. किती जण ताठ बसून जेवतायत, भरवणारी मावशी बसून भरवतेय की उभ्याने चमचे कोंबतेय, बघा. लघवीचा वास, घंटी वाजल्यावर किती वेळाने कोण येतं, रात्री किती रुग्णांमागे एक माणूस, हे मोजा. कपडे ज्याचे त्याला मिळतात की धुऊन आलेल्या ढिगातून कुणालाही काहीही घालतात? बाथरूमला कडी किंवा पडदा आहे का? रात्री नऊला दिवे घालवल्यावर कुणाला वाचायचं असेल तर काय? घरून डबा आणलेला चालतो का, भेटायच्या वेळा किती? रुग्ण हट्ट करतो तेव्हा हात बांधतात का, असं स्पष्ट विचारा, आणि उत्तर देणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघा. झोपेची गोळी कुणाच्या सांगण्यावरून देतात, तेही विचारा.

पसंत पडलं तर दाखल करताना ओळखीच्या कागदाच्या तीन प्रती द्या: एक फाईलला, एक पलंगाशी, एक रात्रपाळीच्या सिस्टरच्या हातात. मग चार दिवसांनी रात्रीच्या वेळी फोन करून ड्युटीवर जी असेल तिला विचारा, बाईंना कुठल्या कानाने ऐकू येतं.